धुरावांचून धांवणारी बस

मोठ्या शहरांतील नित्याच्या जीवनांत बसगाडीचें स्थान पाणी आणि दिवाबत्ती यांच्या खालोखालचें आहे. नळाला पाणी आलें नाहीं तर घर अडतें. बस आली नाहीं तर शाळा, कचेरी, दवाखाना आणि बाजार हीं चारही अडतात. परंतु या उपकारकर्त्या गाडीनें शहराला न मागतां आणखी एक वस्तु दिली. ती म्हणजे धूर. डिझेलच्या धुरांत काजळीचे इतके सूक्ष्म कण असतात कीं, ते नाकांतील केसांना जुमानीत नाहींत व थेट फुप्फुसांच्या तळाशीं जाऊन बसतात. त्यांच्या जोडीला नत्रवायूचीं विषारी संयुगें असतात तीं निराळींच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ सालीं डिझेलच्या धुराची गणना मनुष्यास कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. थांब्यावर उभा असलेला उतारू, रस्त्याच्या कडेची भाजीवाली आणि चौकांतील पोलीस यांना हा धूर चुकवितां येत नाहीं.

म्हणून आज जगांतील अनेक नगरें धूर न सोडणाऱ्या बसगाड्यांकडे वळलीं आहेत. अशी गाडी चालते कशी, तिच्यासाठीं नगराला काय काय बदलावें लागतें, आणि या बदलांत उतारूचें हित कशांत आहे, या तीन प्रश्नांचा येथें विचार करावयाचा आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ निश्चित करूं. जिच्या शेपटाशीं धुराची नळीच नसते, ती शून्य-उत्सर्जनाची गाडी. गॅसवर चालणारी बस या व्याख्येंत बसत नाहीं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळें दिल्लीच्या साऱ्या बसगाड्या २००२ सालापर्यंत गॅसवर आल्या व काजळी पुष्कळ कमी झाली. तथापि गॅस हेंही जळणच होय, आणि जेथें ज्वलन आहे तेथें धूर आहे. खरोखर बिनधुराच्या बसचे प्रकार तीन. पहिला, डोक्यावरील तारेंतून वीज घेणारी ट्रॉली-बस. दुसरा, वीज पोटांत सांठवून नेणारी बॅटरीची बस. आणि तिसरा, हायड्रोजन वायूपासून गाडींतच वीज तयार करणारी बस. हा तिसरा प्रकार ऐकावयास मोहक आहे. परंतु पाण्यापासून हायड्रोजन वेगळा करणें, तो दाबून भरणें व पुन्हां त्याची वीज करणें, या येरझाऱ्यांत मूळच्या तीन युनिटांपैकीं जेमतेम एक युनिट चाकापर्यंत पोंचतें. म्हणून शहरापुरता तरी बॅटरीचाच प्रकार आज पुढें गेला आहे.

मुंबईला विजेचें सार्वजनिक वाहन हें नवें नाहीं. १८७४ सालीं तेथें घोड्यांची ट्राम सुरू झाली, आणि १९०७ सालीं घोड्यांच्या जागीं वीज आली. पहिली मोटार-बस १५ जुलै १९२६ रोजीं अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर धांवली. १९६२ सालीं गवालिया टँक ते माझगांव गोदी या मार्गावर ट्रॉली-बस आली. पुढें ३१ मार्च १९६४ रोजीं शेवटची ट्राम थांबली व १९७१ सालीं ट्रॉली-बसही गेली. म्हणजे १९०७ पासून १९७१ पर्यंत, चौसष्ट वर्षें, मुंबईचे उतारू या ना त्या रूपानें विजेवर प्रवास करीतच होते. इतकेंच नव्हे, तर तेथील बेस्ट या संस्थेच्या एका हातांत बस आहे आणि दुसऱ्या हातांत शहराच्या दक्षिण भागाचा वीजपुरवठा आहे. असा योग फार थोड्या नगरांच्या वांट्यास आला असेल.

मग विजेनें मैदान कां सोडलें? तारेनें बांधलेली गाडी तारेबाहेर जाऊं शकत नव्हती. डिझेलची गाडी आपली शिदोरी बरोबर घेऊन वाटेल त्या गल्लींत शिरत होती. ही शिदोरी किती आटोपशीर आहे तें पाहण्यासारखें आहे. एक लिटर डिझेलमध्यें सुमारें दहा युनिट विजेइतकी उष्णता असते. उलट एक किलो वजनाच्या बॅटरींत जेमतेम युनिटाचा सातवा हिस्सा मावतो. दिवसाला २०० किलोमीटर चालणाऱ्या डिझेलच्या बसला पासष्ट-सत्तर लिटर तेल, म्हणजे साठ किलोंच्या आंतलें ओझें, पुरतें. तेवढ्याच मजलेस विजेची बस सुमारें पावणेदोन टनांची बॅटरी घेऊन निघते. इतका फरक असूनही ती तग धरते याचें कारण असें कीं, डिझेलचें इंजिन शहरांतील धांवपळींत आपल्या जळणाचा सुमारें एक-तृतीयांश भाग कामीं लावतें व उरलेला ऊष्मा हवेंत उधळतें; विजेची मोटार मात्र मिळालेल्या शक्तीचा नऊ-दशांश भाग चाकाला देते. शिवाय २०१० नंतरच्या पंधरा वर्षांत लिथियमच्या बॅटरीची किंमत सुमारें नऊ-दशांशानें उतरली. जें पूर्वीं प्रयोगशाळेंतील कौतुक होतें तें त्यामुळें व्यवहारांत आलें.

शहरांतील बस ही तर या नव्या पद्धतीला विशेषच अनुकूल. तिचा मार्ग ठरलेला, तिचें अंतर मोजलेलें, आणि रात्रीं ती आपल्या आगारांत परत येणार हें निश्चित. शिवाय ती दर तीन-चारशें मीटरांवर थांबते. डिझेलच्या गाडीनें प्रत्येक थांब्यावर ब्रेक लावला कीं तिची सारी गति घर्षणानें तापून वायां जाते. विजेच्या गाडींत चालकानें वेग कमी केला म्हणजे मोटारीचेंच जनित्र होतें. चाकें तिला फिरवितात, आणि निर्माण झालेली वीज पुन्हां बॅटरींत जमा होते. थांब्यावर उभी असतां विजेची मोटार कांहींच खात नाहीं. डिझेलचें इंजिन मात्र उभ्या उभ्या घुरघुरत तेल पीत असतें. म्हणून रस्ता जितका गर्दीचा व थांबे जितके दाट, तितका विजेच्या गाडीचा लाभ अधिक.

लांबच्या मजलेची गोष्ट थोडी निराळी. महाराष्ट्रांत राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, निघाली होती; त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजीं विजेची ‘शिवाई’ सुरू झाली. अशा गाडीला वाटेंत अथवा मुक्कामीं बॅटरी भरून घ्यावी लागते, आणि जेथें तशी सोय नाहीं तेथें ती जाऊं शकत नाहीं. ट्राम जशी रुळांनीं बांधलेली होती, तशी ही गाडी भरण-केंद्रांनीं बांधलेली आहे.

येथें मुख्य मुद्द्याकडे येतां येतें. नवी बस विकत घेणें हें या कामांतील सोपें अंग आहे. कठीण अंग आगारांत आहे. बारा मीटर लांबीच्या बसला किलोमीटरमागें साधारणतः सव्वा युनिट वीज लागते. म्हणजे २०० किलोमीटरांस अडीचशें युनिटें. ज्या घरांत महिन्याला शंभर युनिटें जळतात, त्या घराला तीं अडीच महिने पुरतील. आतां अशा शंभर गाड्या एका आगारांत रात्रीं आल्या असें समजा. त्यांना पंचवीस हजार युनिटें हवींत, आणि पहांटेच्या पहिल्या फेरीपूर्वीं पांच तासांत तीं द्यावयाचीं, तर आगारावर सतत पांच हजार किलोवॅटांचा भार पडतो. एका वेळीं दोन-दोन किलोवॅट वापरणाऱ्या अडीच हजार घरांची वस्ती रातोरात उभी राहावी, तसाच हा प्रकार आहे. त्यासाठीं उच्च दाबाची केबल, रोहित्रें, उपकेंद्र आणि त्या सर्वांस जागा लागते. मुंबईसारख्या ठिकाणीं, जेथें पावसाळ्यांत आगारेंही जलमय होतात, तेथें ही सर्व सामग्री पुराच्या पातळीवर उचलून बसवावी लागते. गाड्या चार महिन्यांत तयार होतील. उपकेंद्राला त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. ज्यांनीं गाड्या आधीं मागविल्या आणि विजेची व्यवस्था मागाहून पाहिली, त्यांच्या नव्या गाड्या आगारांत उभ्या राहिल्या, असा अनुभव अनेक नगरांना आला आहे.

हें काम मोठ्या प्रमाणावर पार पाडणाऱ्या नगरांत चीनमधील शेन्झेनचें नांव अग्रभागीं येतें. २०११ सालीं तेथें विद्यार्थ्यांचे जागतिक क्रीडासामने झाले, त्या निमित्तानें विजेच्या बसगाड्यांची पहिली मोठी तुकडी रस्त्यावर आली; आणि २०१७ सालाच्या अखेरीस नगरांतील सोळा हजारांहून अधिक बसगाड्या, एकूण एक, विजेवर चालूं लागल्या. या यशाचें रहस्य यंत्रापेक्षां हिशेबांत होतें. सरकारनें व नगरानें मिळून किंमतीचा मोठा भाग उचलला. गाड्या भाड्यानें घेण्याची सोय झाली, त्यामुळें परिवहन संस्थांवर एकदम भांडवलाचा भार पडला नाहीं. कारखानदारांनीं आठ वर्षांची हमी दिली, त्यामुळें बॅटरी थकली तर जबाबदारी कोणाची हा वाद मिटला. भरण-केंद्रें गाड्यांच्या बरोबरीनें उभीं राहिलीं. पैसा, हमी आणि वीज या तिन्ही गोष्टी गाडीबरोबर चालल्या, म्हणून गाडी चालली.

भारतांत भांडवलाचा प्रश्न निराळ्या रीतीनें सोडविला जात आहे. विजेची बस डिझेलच्या बसपेक्षां बरीच महाग पडते. चालविण्याचा खर्च मात्र कमी. आरंभींचा भार नगरपालिकेवर पडूं नये म्हणून खाजगी कंपनीनें गाडी घ्यावी, चालवावी व दुरुस्त ठेवावी, आणि परिवहन संस्थेनें तिला किलोमीटरमागें ठराविक मोबदला द्यावा, अशी पद्धति रूढ झाली. तिकिटाचा पैसा संस्थेचा, मार्ग व वेळापत्रकही संस्थेचें. २०२२ सालीं पांच मोठ्या नगरांच्या मागण्या एकत्र करून ५,४५० गाड्यांची निविदा निघाली, तेव्हां बारा मीटरांच्या गाडीचा दर किलोमीटरमागें ४३ रुपये ४९ पैशांपर्यंत खालीं आला. एकेकट्यानें बाजारांत जाण्यापेक्षां सर्वांनीं मिळून गेलें तर भाव पडतो, हा गृहिणींचा जुना अनुभव येथेंही खरा ठरला. २०२३ सालीं केंद्र सरकारनें दहा हजार गाड्यांची योजना जाहीर केली. आणि परिवहन संस्थांनीं मोबदला थकविला तर कंपन्या बुडूं नयेत म्हणून २०२४ सालीं ३,४३५ कोटी रुपयांच्या हमीची व्यवस्था मंजूर झाली. अशी हमी लागावी यांतच या पद्धतीचें दुबळें अंग दिसून येतें. परिवहन संस्थांच्या तिजोऱ्या रिकाम्या आहेत, आणि ज्याला मोबदला वेळेवर मिळत नाहीं तो कंत्राटदार गाडी रस्त्यावर काढीत नाहीं.

मुंबईची कथा या दृष्टीनें विचार करण्याजोगी आहे. बेस्टच्या ताफ्यांत बॅटरीच्या पहिल्या कांहीं बसगाड्या २०१७ सालीं दाखल झाल्या. २०२३ च्या फेब्रुवारींत विजेची दुमजली बस आली, आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत डिझेलची जुनी दुमजली बस निरोप घेऊन गेली. चित्र आनंदाचें आहे. पण त्याला दुसरी बाजू आहे. २०२२ सालीं विजेच्या २,१०० गाड्यांचा करार झाला. त्या निविदेचा वाद न्यायालयांत गेला व २०२३ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयांत मिटला; परंतु गाड्या ठरल्या वेगानें आल्या नाहींत. इकडे जुन्या गाड्यांचें आयुष्य संपत होतें, त्या मोडींत निघत होत्या. एके काळीं चार हजारांहून मोठा असलेला बेस्टचा ताफा २०२५ च्या सुमारास तीन हजारांच्याही खालीं आला. ९ मे २०२५ पासून किमान भाडें पांच रुपयांवरून दहा रुपये झालें. म्हणजे गाडी स्वच्छ झाली. पण उतारूला अधिक वेळ उभें राहावें लागलें आणि अधिक पैसे मोजावे लागले.

दुसरें अंग माणसांचें. जुन्या कारागिराची सारी विद्या इंजिनाचा आवाज ऐकून रोग ओळखण्याची. नव्या गाडींत आवाजच नाहीं, आणि नारिंगी वेष्टनाच्या केबलमधून शेंकडों व्होल्टांचा दाब खेळत असतो. तेथें चुकलेल्या हाताला दुसरी संधि मिळत नाहीं. चालकाचेंही तसेंच. डिझेलची गाडी गिअर बदलीत सावकाश वेग घेते. विजेची गाडी पायाच्या स्पर्शासरशी झेप घेते. ९ डिसेंबर २०२४ रोजीं रात्रीं मुंबईंत कुर्ल्याच्या पश्चिम भागांत विजेची एक बस गर्दींत शिरली आणि अनेकांचे प्राण गेले. दोष कोणाचा हें ठरविणें न्यायालयाचें काम आहे. परंतु नव्या जातीची गाडी हातीं देण्यापूर्वीं चालकाला किती दिवसांचें शिक्षण दिलें जातें, हा प्रश्न त्या रात्रीनंतर कोणालाही टाळतां येण्यासारखा राहिला नाहीं.

आतां एका न्याय्य शंकेचें उत्तर दिलें पाहिजे. वीज येते कोठून? भारतांत निर्माण होणाऱ्या विजेचा सत्तर टक्क्यांच्या आसपासचा भाग अजून कोळशाचा आहे. मग मुंबई-पुण्याच्या रस्त्यावरून नाहींसा झालेला धूर चंद्रपूर किंवा कोराडी येथील धुराड्यांतून निघाला, एवढाच फरक नव्हे काय? हिशेब करून पाहूं. एक लिटर डिझेल जळलें कीं सुमारें २.७ किलो कार्बन डायॉक्साइड निघतो. लिटरला तीन किलोमीटर चालणाऱ्या बसचा भार मग किलोमीटरमागें ९०० ग्रॅम होतो. देशांतील सरासरी विजेच्या एका युनिटामागें सुमारें ७०० ग्रॅम. सव्वा युनिटास पावणेनऊशें. म्हणजे आजच्या विजेवर या वायूच्या बाबतींत जवळजवळ बरोबरीच सुटते. हें सत्य झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. परंतु दोन गोष्टी लक्षांत ठेवाव्या. एक, काजळी व नत्राचीं संयुगें दाट वस्तीच्या श्वासांतून दूर झालीं, हा लाभ आजच पदरांत पडतो. दुसरी, डिझेलची बस जशी घेतली तशीच शेवटपर्यंत राहणार. विजेची बस मात्र देशाची वीज सूर्य, वारा व पाणी यांच्याकडे जसजशी वळेल तसतशी आगारांत उभ्या उभ्या अधिक स्वच्छ होत जाईल. दुपारीं ऊन प्रखर असतें व बसगाड्यांची गर्दीही कमी असते; त्या वेळीं बॅटऱ्या भरण्याची सोय केली तर हा लाभ लवकर पदरीं येईल. वापरून थकलेल्या बॅटरीची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी २०२२ सालच्या नियमांनीं उत्पादकांवर टाकली आहे. तिचें पालन होतें कीं नाहीं याकडे नागरिकांनीं डोळ्यांत तेल घालून पाहिलें पाहिजे.

याच हिशेबांतून आणखी एक निष्कर्ष निघतो, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. डिझेलच्या बसचे ते ९०० ग्रॅम पन्नास उताऱ्यांत वांटले तर माणशीं १८ ग्रॅम येतात. पेट्रोलच्या मोटारींतून एकटाच जाणारा मनुष्य किलोमीटरमागें सुमारें १५० ग्रॅम सोडतो. तो विजेच्या मोटारींत बसला, तरी आजच्या विजेवर त्याचा वांटा शंभर ग्रॅमांच्या खालीं सहसा येत नाहीं. म्हणजे भरलेली जुनी डिझेलची बस एकट्याच्या नव्याकोऱ्या विजेच्या मोटारीपेक्षां या बाबतींत पुष्कळच सरस आहे. आतां विजेच्या बसगाड्या येतां येतां बसची एकूण संख्या घटली, थांब्यावरचा उतारू कंटाळला आणि त्यानें हप्त्यानें दुचाकी घेतली, तर शहरानें एका हातानें मिळविलें तें दुसऱ्या हातानें गमावलें. शिवाय जो दुचाकी घेऊं शकत नाहीं, तो तेथेंच उभा राहिला तें निराळेंच.

यास्तव नगरसंस्थेनें विजेच्या किती गाड्या घेतल्या, एवढ्याच आंकड्यावर सुशिक्षित नागरिकांनीं समाधान मानूं नये. त्यांनीं आणखी चार प्रश्न विचारावे. एकूण गाड्या गेल्या वर्षापेक्षां वाढल्या कीं कमी झाल्या? जुनी गाडी मोडींत काढण्यापूर्वीं तिच्या जागेची नवी गाडी आगारांत उभी होती काय? आगाराची वीज गाडीच्या आधीं आली कीं मागाहून? आणि चालकाला व कारागिराला पुरेसें शिक्षण मिळालें काय? या चारही प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक असतील, तर त्या नगरांत धुरावांचून धांवणारी बस रुजली असें समजावें. तोंपर्यंत थांब्यावर लागणाऱ्या मिनिटांचा हिशेब ठेवणें आणि तो नगरपित्यांपुढें मांडीत राहणें, हें प्रत्येक उतारूला करतां येण्याजोगें काम आहे.